पलटण कोणाची? : 'माझा प्रवास' आणि दुभंगलेली संस्थाने

विष्णुभट गोडसे वरसईकर यांचा 'माझा प्रवास' हा ग्रंथ मराठी वाचकाला दोन वाटांनी परिचित झालेला आहे. कोणी तो प्रवासवर्णन म्हणून वाचतो, कोणी झाशीच्या राणीच्या चरित्राचे समकालीन साधन म्हणून. दोन्ही वाचने रास्त आहेत. मात्र या दोन वाटांच्या मधोमध ग्रंथाचे जे एक मोठे अंग आहे त्याकडे मराठी समीक्षेने फारसे लक्ष दिलेले नाही. एकाच राज्याच्या, एकाच दरबाराच्या, प्रसंगी एकाच पलटणीच्या लोकांनी परस्परांविरुद्ध शस्त्र उचलले, तेव्हा ते दृश्य निःशस्त्र माणसाला कसे दिसले, हे सांगणारा अव्वल इंग्रजीतील हा बहुधा एकमेव मराठी ग्रंथ होय. या दृष्टीने त्याचा विचार करावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आरंभीच एका शब्दाची चौकशी करणे आवश्यक आहे. १८५७-५८ च्या घटनेला मराठीत अनेक नावे मिळाली. 'बंड' हे नाव सरकारी भाषेतून आले आणि रूढ झाले. खुद्द गोडसे भटजींच्या परिसरात 'गदर' हा उत्तरेकडचा शब्द चालत होता. सावरकरांनी 'स्वातंत्र्यसमर' म्हटले. त्यानंतर अर्धशतकाने न. र. फाटकांनी 'शिपाईगर्दी' हा शब्द पुढे करून मोठा वाद ओढवून घेतला. या सगळ्या नावांमध्ये एक नाव मात्र कोणी गंभीरपणे वापरले नाही, आणि ते म्हणजे 'यादवी'. मराठीला हा शब्द परका नाही. मौसलपर्वातील यादवांच्या परस्परसंहारावरून तो आपल्याकडे आला आणि स्वकीयांच्या युद्धाला तो आपण सर्रास लावतो. १८०२ च्या ऑक्टोबरात पुण्याच्या वेशीवर, हडपसरला, होळकरांची फौज आणि शिंदे-पेशव्यांची फौज लढली तिला यादवी म्हणताना आपली जीभ अडखळत नाही. सत्तावनपाशी मात्र ती अडखळते. याचे कारण उघड आहे. यादवी म्हटले की दोन्ही बाजूंना आपलीच माणसे होती हे कबूल करावे लागते, आणि सत्तावनच्या कथेत आपल्याला एकच बाजू आपली हवी असते. दुसऱ्या बाजूच्या आपल्या माणसांसाठी मग आपण 'फितूर' हा शब्द राखून ठेवला आहे.

'फितुरी' हा मराठी इतिहासलेखनातला फार सोयीचा शब्द आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. तो निवाडा देतो आणि त्याच क्षणी चौकशी बंद करतो.

आता ग्रंथाकडे वळू. पेणजवळच्या वरसई गावचा हा तिशीतला याज्ञिक ब्राह्मण, घर कर्जात बुडालेले म्हणून १८५७ मध्ये आपले काका रामभट यांच्यासह उत्तरेकडे निघाला. बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, लाखो रुपये खर्चणार, दक्षिणा चांगली मिळेल, एवढाच त्याचा हिशेब होता. देशकार्य, धर्मरक्षण, फिरंग्यांचे पारिपत्य यांपैकी काहीही त्याच्या गाठोड्यात नव्हते. महूच्या आसपास त्याला कंपनी सरकारच्या पलटणीतले हिंदुस्थानी शिपाई भेटले. पुढे गदर होणार, तुम्ही भिक्षुक माणसे, मागे फिरा, असे त्यांनी त्याला सांगितले. काडतुसांची हकीकत सांगितली; कलकत्त्यात सरकारने राजेरजवाड्यांपुढे ठेवलेल्या चौऱ्याऐंशी कलमांची कथाही सांगितली. ही कलमांची कथा इतिहास म्हणून टिकणारी नाही, हे अभ्यासकांनी पूर्वीच दाखवले आहे. तथापि साहित्याच्या अभ्यासकाने तिच्याकडे निराळ्या दृष्टीने पाहावे. पलटणीतला शिपाई स्वतःच्या बंडाचे कारण एका अनोळखी ब्राह्मणाला रस्त्यात सांगतो आहे. तो आपली बाजू मांडतो आहे. बाजू मांडावी लागते ती जिथे दुसरी बाजू घेणेही शक्य असते तिथेच. ग्रंथाच्या पहिल्या काही पृष्ठांतच पलटण ही घडणारी, मन वळवणारी, मन बदलणारी वस्तू म्हणून समोर येते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

त्या काळी माळवा आणि मध्य हिंदुस्थानातील जवळजवळ प्रत्येक संस्थान आतून दुभंगलेले होते. इंदूरला १ जुलै १८५७ रोजी होळकरांच्याच फौजेतील लोकांनी रेसिडेन्सीवर तोफा डागल्या आणि तुकोजीराव होळकर मात्र इंग्रजांशी सख्य असल्याचे सांगत राहिले. ओरछ्याच्या संस्थानाचा दिवाण नत्थे खान इंग्रजांच्या नावाने झाशीवर चालून गेला. म्हणजे बुंदेलखंडातल्या एका राज्याने शेजारच्या राज्याशी युद्ध मांडले, आणि इंग्रजी फौज अजून शेकडो मैल दूर होती. या सगळ्यांत ग्वाल्हेरचे उदाहरण सर्वांत गुंतागुंतीचे, आणि गोडसे भटजींचे तर ते मूळ मुक्कामाचे ठिकाण. म्हणून त्याचा थोडा विस्ताराने विचार करणे युक्त होईल.

१८४३ च्या डिसेंबरात महाराजपूर आणि पनिहार येथे एकाच दिवशी, २९ तारखेला, शिंद्यांच्या सैन्याचा पराभव झाला. पुढील जानेवारीच्या तहाने दरबारची स्वतःची फौज मर्यादित करण्यात आली आणि शिवाय एक 'कंटिंजंट' उभी राहिली: अधिकारी इंग्रज, खर्च ग्वाल्हेरच्या वसुलातून, छावणी मुख्यतः शहराबाहेर मुरारला. १८५७ मध्ये तिच्यात सात पायदळ पलटणी, दोन घोडदळाच्या आणि चार तोफखाने होते. एकूण संख्या आठ हजारांच्या घरात. तिच्यातील शिपाई बहुतांशी अवध आणि त्याच्या पूर्वेकडचे ब्राह्मण-रजपूत होते. मराठे त्यात नाममात्र. तेव्हा ही फौज नावाने ग्वाल्हेरची, पैशाने शिंद्यांची, हुकमाने इंग्रजांची आणि रक्ताने पुरबियांची होती. 'ग्वाल्हेरचे सैन्य कोणाच्या बाजूने लढले?' या साध्या प्रश्नाचे उत्तर देताना इतिहासकाराला प्रथम हे चार धागे उसवावे लागतात. १४ जून १८५७ च्या रात्री मुरारला ही फौज उठली. त्यानंतर कित्येक महिने जयाजीराव आणि दिवाण दिनकरराव राजवाडे यांनी पगार देऊन, आशा लावून, गोडीगुलाबीने तिला तिथेच थोपवून धरले. शेवटी तात्या टोपे यांनी तिला काल्पीकडे नेले. याच पलटणींनी नोव्हेंबरच्या अखेरीस कानपुरास विंडहॅमला मागे रेटले, आणि ६ डिसेंबरला कॉलिन कॅम्पबेलकडून त्यांचा मोड झाला.

जयाजीरावांची घरची फौज मात्र तोवर दरबारातच होती. १ जून १८५८ रोजी मुरारच्या पूर्वेस बहादूरपूरजवळ रावसाहेब पेशवे, तात्या आणि राणी यांच्या थकलेल्या सैन्यापुढे ती उभी राहिली, आणि थोड्याच वेळात तिच्यातील बहुतेक पलटणी पलीकडे जाऊन मिळाल्या. महाराजांचे खासे रक्षक तेवढे लढले. महाराज आग्ऱ्याकडे निघाले; किल्ला, तोफा आणि खजिना पेशव्यांच्या हाती आला; पलटणींना त्याच खजिन्यातून पगार व बक्षिसे वाटली गेली. तीन आठवड्यांच्या आत ह्यू रोझने ग्वाल्हेर घेतले, महाराज परत आले, आणि त्याच पलटणींतील वाचलेल्यांना पुन्हा आपण कोणाचे, हे ठरवावे लागले.

या प्रकरणावर मराठीत आणि हिंदीत जे लिहिले गेले, त्यात निवाडा ठरलेला असतो. सावरकरांच्या ग्रंथात शिंद्यांवर कठोर ठपका आहे. सुभद्राकुमारी चौहानांच्या प्रसिद्ध कवितेने तो ठपका हिंदी शाळांतल्या प्रत्येक मुलाच्या जिभेवर नेऊन ठेवला. उलट दरबारी बाजूच्या लिखाणात दिनकररावांच्या मुत्सद्देगिरीची थोरवी गायलेली आढळते. दोन्ही प्रकारच्या लेखनात एक समान उणीव आहे: निर्णय घेणारा म्हणून त्यांना फक्त राजा किंवा दिवाण दिसतो. बहादूरपूरच्या मैदानात त्या सकाळी खरा निर्णय घेतला तो हजारो शिपायांनी. त्यांनी काय विचार केला असेल? पेशव्यांचे नाव ऐकून जुनी निष्ठा जागी झाली असेल. मुरारच्या भाऊबंदांनी आधीच निरोप पाठवले असतील. काहींना निव्वळ पगाराची चिंता असेल. या प्रश्नापाशी चरित्रकार आणि कवी थांबत नाहीत. गोडसे भटजीही थांबतात असे नाही. मात्र त्यांच्या लेखनाची घडणच अशी आहे की, वाचक थांबतो.

याचे कारण निवेदकाच्या स्थानात आहे. गोडसे भटजी कुणाच्याही बाजूला नाहीत, असे म्हटले तर ते पूर्ण खरे नाही. राणीविषयी त्यांना अपार आदर आहे, आणि काल्पीच्या वाटेवर, विहिरीपाशी, पठाणी वेषातली तहानलेली राणी त्यांना भेटते त्या प्रसंगात हा आदर करुणेला जाऊन मिळतो. पाणी काढून देऊ पाहणाऱ्या भिक्षुकाला ती थांबवते व स्वतःच पाणी काढते, एवढाच तो प्रसंग. मराठी गद्यात त्याच्या तोडीचे प्रसंग थोडे आहेत. परंतु त्यांची जीवनवृत्ती भिक्षुकाची आहे. ज्याच्या घरी अनुष्ठान, त्याच्या घरी मुक्काम. पलटण त्यांच्यासाठी प्रथम वाटेवरची अडचण असते, कधी दक्षिणेची शक्यता असते, कधी जिवावरचे संकट असते. ते तिला ध्येयाच्या नावाने ओळखत नाहीत. ती काय करते, यावरून ओळखतात. ही मर्यादा खरी, पण साहित्यदृष्ट्या या मर्यादेनेच ग्रंथाला त्याची विश्वसनीयता दिली आहे.

झाशीच्या लुटीचे वर्णन या दृष्टीने पुन्हा वाचून पाहावे. एप्रिल १८५८ च्या आरंभी शहर पडल्यावर जी कत्तल झाली, जो 'बिजन' झाला, त्याचे वर्णन वाचकांना ठाऊक आहे. राजवाड्यातील ग्रंथसंग्रहाची धूळधाण झाल्याबद्दलची हळहळही ठाऊक आहे. लक्ष वेधून घेणारी गोष्ट निराळीच आहे. गोडसे भटजी लुटीचे दिवस मोजतात आणि त्या दिवसांची वाटणी पलटणींप्रमाणे करतात. प्रथम गोऱ्यांनी सोने-नाणे नेले; मग इतर पलटणींची पाळी आली; कोणी भांडी नेली, कोणी वस्त्रे, कोणी धान्य. मद्रासकडचे, हैदराबादकडचे, असा भेद ते करतात. एखाद्या याज्ञिकाने यज्ञातील हविर्भागांची वाटणी सांगावी तसा या वर्णनाचा क्रम आहे. या क्रमामुळे वाचकाला कळते की झाशी जिंकणारे 'इंग्रज' हे मोठ्या प्रमाणावर हिंदी होते. निजामाच्या राज्याच्या खर्चाने पोसलेल्या हैदराबाद कंटिंजंटच्या पलटणी तेथे होत्या. मुंबई लष्कराच्या २४ आणि २५ क्रमांकांच्या पायदळ पलटणी तेथे होत्या. मद्रासचे सफरमैना होते.

हैदराबाद कंटिंजंटचा उल्लेख मराठी वाचकाने सहज ओलांडून जाऊ नये. तिच्या छावण्या औरंगाबाद, जालना, हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई, अशा मराठवाड्याच्या गावांत होत्या. याच कंटिंजंटच्या पहिल्या घोडदळाने जून १८५७ मध्ये औरंगाबादला उठाव केला, वुडबर्नच्या तुकडीने तो मोडला आणि शिपायांना देहदंड झाला. दहा महिन्यांनी त्याच कंटिंजंटचे दुसरे लोक झाशीच्या तटाला शिड्या लावत होते. एकाच फौजेतील काही औरंगाबादला फासावर, काही झाशीला विजयी. यांपैकी निजामाच्या राज्याची 'खरी' पलटण कोणती?

मुंबई लष्कराच्या पलटणींची गोष्ट तर अधिक जिव्हारी लागणारी आहे. या लष्कराची भरती फार मोठ्या प्रमाणावर कोकणात होत असे; मराठे, महार आणि इतर जातींचे कोकणी लोक त्यात पिढ्यान् पिढ्या होते. म्हणजे वरसईचा विष्णुभट झाशीत जीव मुठीत धरून बसलेला असताना, तट चढून येणाऱ्यांत त्याच्याच किनाऱ्यावरची, त्याचीच बोली बोलणारी माणसे असण्याचा पुष्कळ संभव आहे. ग्रंथात ही जाणीव उमटलेली नाही. येथे गोडसे भटजींची दुसरी मर्यादा स्पष्ट होते, आणि तिच्यावर पांघरूण घालण्याचे कारण नाही. त्यांच्या निवेदनात नावानिशी उभे राहतात ते राजे, सरदार, शास्त्री आणि यजमान. शिपाई हा बहुधा अनामिक, समूहवाचक. मुंबई लष्करातला महार शिपाई कोण होता, तो कंपनीच्या चाकरीत का गेला, पेशवाई त्याला परत हवी होती काय, हे प्रश्न त्या काळच्या भिक्षुकी नजरेच्या टप्प्यात येणारे नव्हते. सत्तावनच्या यादवीची एक बाजू जातीच्या इतिहासाने घडवली होती, हे 'माझा प्रवास' सांगत नाही. ते त्याच्या मौनावरून वाचावे लागते.

कोकणाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक गोष्ट नमूद करतो. ग्वाल्हेरला इंग्रजांचा पक्ष सांभाळणारे दिनकरराव राजवाडे हे देवरुखचे. बिठूरचे नानासाहेब कर्जतजवळच्या वेणगावचे. त्यांचा सेनापती तात्या येवल्याचा. विष्णुभट वरसईचा. उत्तर हिंदुस्थानच्या या प्रचंड युद्धात दोन्ही बाजूंना मराठी बोलणारी अशी किती तरी घराणी गुंतलेली होती. त्यांचे एकमेकांशी सोयरसंबंध होते, उपाध्ये समान होते. गोडसे भटजींना शिंद्यांच्या राज्यातून झाशीत जाताना सरहद्द ओलांडल्याची जी जाणीव होत नाही, तिचे मूळ यात आहे. त्यांच्या नकाशावर राज्ये नाहीत, यजमान आहेत.

ग्रंथाच्या संपादनाचा इतिहासही या दुभंगाशी जोडलेला आहे. गोडसे हे कल्याणच्या वैद्य घराण्याचे उपाध्ये. चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून त्यांनी १८८३ मध्ये आठवणी लिहिल्या. सरकारी रोषाच्या भीतीने आपल्या हयातीत त्या छापू नयेत अशी त्यांची इच्छा होती. वैद्यांनी त्या १९०७ मध्ये प्रसिद्ध केल्या. वैद्यांनी भाषा नागर केली, काही मजकूर गाळला. मूळ संहिता दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये उजेडात आणली, तोवर जवळजवळ साठ वर्षे मराठी वाचक एका सुधारलेल्या गोडसेंना वाचत होता. आता दोन तपशील शेजारी ठेवावेत. १८६१ पासून १८८६ पर्यंत झाशी शहर हे शिंद्यांच्या ताब्यात होते. १८८६ मध्ये ग्वाल्हेरचा किल्ला परत घेऊन त्यांनी ते इंग्रजांना दिले. तेव्हा गोडसे भटजी आठवणी लिहीत होते त्या वर्षी राणीची झाशी जयाजीरावांच्या राज्यात होती. आणि ग्रंथाचे संपादक वैद्य हे पुढे त्याच ग्वाल्हेर संस्थानात न्यायखात्याच्या सर्वोच्च पदावर होते. यावरून वैद्यांवर हेत्वारोप करणे अन्यायाचे होईल. त्यांच्यामुळे हा ग्रंथ जन्मला आणि वाचला. परंतु मराठीत सत्तावनचे लेखन करणारा प्रत्येकजण कोणत्या ना कोणत्या संस्थानाच्या सावलीत बसून लिहीत होता, हे विसरून त्या लेखनातील मौने वाचता येत नाहीत. दत्तात्रय बळवंत पारसनिसांचे १८९४ चे राणीचरित्रही याला अपवाद नाही. १८९४ मध्ये राणीची थोरवी सांगायची, तर कंपनीशी तिचे वैर नाइलाजाचे होते, असे दाखवणे भागच होते.

या लेखकाचे वास्तव्य गेली कित्येक वर्षे भिलाईत आहे. विदर्भातून पोलाद कारखान्यात आलेली हजारो मराठी कुटुंबे या नगरीत स्थिरावली. १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी पेटली तेव्हापासून त्यांच्या तीन पिढ्या येथे झाल्या. आमच्या मंडळांच्या गणेशोत्सवांत झाशीच्या राणीचा देखावा हमखास असतो. येथून तीसेक किलोमीटरवर रायपूर आहे, आणि रायपूरला १८५८ च्या जानेवारीत जे घडले त्याचा देखावा आमच्या मंडपात कधी पाहिला नाही.

दुर्गच्या एका महाविद्यालयात 'माझा प्रवास' शिकवीत असताना एका विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न हे या लेखाचे निमित्त. वडील कारखान्यात, आजोळ भंडाऱ्याकडचे, आई घरात छत्तीसगढी बोलणारी. त्याने विचारले, "सर, रायपूरची ती तिसरी पलटण आपली की त्यांची?" 'आपली' या शब्दात त्याने भोसल्यांना धरले होते की नारायणसिंहाला, हे तेव्हा मला कळले नाही, त्याला तरी कळले होते की नाही, कोण जाणे. मी वर्गात काही तरी गोलमोल उत्तर दिले, ते आजही मनाला खाते.

ती पलटण कोणती, ते सांगितले पाहिजे. अठराव्या शतकाच्या मध्यापासून छत्तीसगढ नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजी निपुत्रिक वारले, आणि १८५४ मध्ये डलहौसीने राज्य खालसा केले. राजाची फौज मोडून तिच्यातील काही लोकांतून व नव्या भरतीतून 'नागपूर इरेग्युलर फोर्स' उभारण्यात आली. तिच्यात घोडदळ होते, पायदळ होते, तोफखाना होता. म्हणजे ज्यांचे राज्य गेले त्यांच्याच शिपायांना राज्य नेणाऱ्यांची वर्दी चढवण्यात आली. जून १८५७ च्या मध्यास नागपूरजवळच्या टाकळीला यातल्या घोडदळाने उठावाचा बेत केला. पायदळाला वळवण्यासाठी गेलेला दफेदार पकडला गेला. पायदळ आणि तोफखाना सरकारकडे राहिले. कटाच्या प्रमुखांना फाशी झाली. राजवाड्यात वृद्ध बांकाबाई होत्या. राज्य गेले होते, जडजवाहीर लिलावात गेले होते. तरीही त्यांनी आपल्या लोकांना उठावापासून परावृत्त केले. एकाच फौजेतले घोडेस्वार फासावर आणि पायदळ पहाऱ्यावर, अशी ही नागपूरची कथा.

याच फौजेची तिसरी पायदळ पलटण रायपूरला होती. सोनाखानचे बिंझवार जमीनदार नारायणसिंह यांनी १८५६ च्या दुष्काळात एका व्यापाऱ्याचे धान्याचे कोठार उघडून ते उपाशी रयतेला वाटले, म्हणून त्यांना कैद झाली. ऑगस्ट १८५७ च्या अखेरीस ते रायपूरच्या तुरुंगातून निसटले. त्यांत तिसऱ्या पलटणीतील काहींचा हात होता. त्यांना पुन्हा पकडण्यासाठी कॅप्टन स्मिथने जी मोहीम काढली तिला शेजारच्या जमीनदारांनीच साहाय्य केले. देवरीचे जमीनदार तर नात्यातले. १० डिसेंबर १८५७ रोजी रायपूरला नारायणसिंहांना देहदंड देण्यात आला, तो पलटणीच्या देखत. पुढे १८ जानेवारी १८५८ च्या रात्री त्याच पलटणीतल्या हनुमानसिंहाने सार्जंट मेजर सिडवेलला ठार केले. थोडे तोफखान्याचे लोक त्याला मिळाले. बाकीची पलटण उठली नाही. काही तासांत सगळे आटोपले. हनुमानसिंह निसटला तो कधीच हाती लागला नाही. सतरा जणांना २२ जानेवारीला फाशी झाली. त्यांच्यात हवालदार गाजीखान होता, मातादीन होता, शिवनारायण होता, बल्ली दुबे होता, अकबर हुसेन होता. ही नावे भोसल्यांच्या जुन्या बखरींत शोधून सापडणार नाहीत. उत्तरेतून चाकरीसाठी आलेल्या घराण्यांची ती नावे आहेत. आणि तरीही ज्या फौजेत ते मेले ती भोसल्यांच्या फौजेच्या अवशेषांतून घडली होती.

येथे साहित्याचा प्रश्न उभा राहतो. सोनाखानच्या लोकांच्या दृष्टीने भोसल्यांचा अंमल हा वसुलीचा अंमल होता. नारायणसिंहांच्या वडिलांनीही सत्तेशी झुंज घेतली होती. छत्तीसगढने नारायणसिंहांना आपला पहिला हुतात्मा मानले आहे, आणि ते सर्वथा योग्य आहे. त्यांच्या कथेत मराठी माणसाला प्रवेश कोणत्या दारातून मिळतो? भोसल्यांचा वारस म्हणून जावे, तर तो दुष्काळातल्या कोठाराच्या दुसऱ्या बाजूला पोचतो. तिसऱ्या पलटणीतून जावे, तर त्याला प्रथम ठरवावे लागते की, १८ जानेवारीच्या रात्री तो उठलेल्यांमध्ये होता, की बरॅकीत पडून राहिलेल्यांमध्ये. कादंबरीकाराला याहून मोठा विषय तो कोणता हवा? मराठी ऐतिहासिक कादंबरीने मात्र राजे, राण्या आणि सेनापती यांची चरित्रे पुन्हा पुन्हा लिहिली. शिरवाडकरांच्या 'वीज म्हणाली धरतीला' या नाटकाचे मोठेपण मान्य करूनही म्हणावे लागते की, त्याचेही केंद्र राणी हेच आहे. बंगालीत महाश्वेतादेवींनी १९५६ मध्ये राणीविषयी लिहिताना बुंदेलखंडात हिंडून लोकांच्या आठवणी व गाणी गोळा केली. तिथे निदान गावाचा आवाज कथेत आला.

इतरत्र हा विषय कसा हाताळला गेला, हे पाहणे उद्बोधक ठरेल. अमेरिकेच्या १८६१-६५ च्या यादवीत केंटकी, मिसुरी, टेनेसी ही राज्ये अशीच फाटली होती. एकाच राज्याच्या पलटणी दोन्ही ध्वजांखाली लढत होत्या, आणि व्हर्जिनियाचे तर १८६३ मध्ये दोन तुकडेच झाले. त्या युद्धात स्वतः लढलेल्या अँब्रोज बिअर्सने १८८९ मध्ये एक छोटी कथा लिहिली. व्हर्जिनियाचा एक मुलगा उत्तरेच्या पलटणीत जातो, पहाऱ्यावर असताना समोरच्या कड्यावर शत्रूचा घोडेस्वार पाहतो आणि गोळी झाडतो. तो घोडेस्वार कोण होता, हे कथेच्या शेवटी एका वाक्यात कळते: त्याचा बाप. बिअर्स कोणालाही फितूर म्हणत नाही. निघताना बापानेच मुलाला, तुला जे कर्तव्य वाटेल ते कर, असे सांगितलेले असते. व्हिक्सबर्गच्या रणभूमीवर, जिथे मिसुरीच्याच दोन पलटणी एकमेकींवर तुटून पडल्या तिथे, १९१७ मध्ये मिसुरी राज्याने एकच स्मारक उभारले. ते दोन्ही बाजूंच्या आपल्या शिपायांचे आहे. अर्थात ही तुलना फार ताणू नये. तिथे प्रश्न गुलामगिरीचा होता, आणि दोन्ही बाजूंचे स्मारक एकत्र करण्याच्या उत्साहात गुलामांचा विसर पडला, अशी टीका तिकडील विचारवंतांनी केली आहे. आपल्याकडे एका बाजूच्या पाठीशी परकी सत्ता होती. दोन्ही बाजूंना समान मान द्यावा, असे कोणी म्हणणार नाही, आणि प्रस्तुत लेखकही म्हणत नाही. बरॅकीत पडून राहिलेल्या शिपायाची कथा लिहिणे म्हणजे त्याचा गौरव करणे नव्हे.

या संदर्भात 'माझा प्रवास' पुन्हा वाचताना त्याच्या शेवटाकडे लक्ष जाते. लुटला गेलेला, द्रव्य गमावलेला विष्णुभट गंगेची कावड खांद्यावर घेऊन वरसईला परततो आणि आईवडिलांना त्या पाण्याने स्नान घालतो. कुठल्याही पक्षाचा जय त्याच्या गाठी नाही. अमृतलाल नागरांनी या ग्रंथाचा हिंदी अनुवाद 'आँखों देखा गदर' या नावाने केला. अलीकडे मृणाल पांडे यांचा २०११ मधील आणि प्रिया आडारकर व शांता गोखले यांचा २०१४ मधील असे इंग्रजी अनुवादही झाले. छत्तीसगढमधील मराठी घरांतील तरुण पिढी आता त्याला बहुधा हिंदीतूनच ओळखते, आणि 'आँखों देखा' या शब्दांनी तिचे लक्ष योग्य ठिकाणी वेधले जाते. पाहणाऱ्याचे डोळे महत्त्वाचे.

त्या विद्यार्थ्याला आज उत्तर द्यायचे झाले, तर २२ जानेवारी १८५८ च्या रायपूरचे वर्णन त्याच्यापुढे ठेवीन. त्या दिवशी फाशीच्या जागी पलटण हजर होती. सतरा जण तिचेच सोबती. काही शिपायांनी चार रात्री आधी त्यांना बरॅकीतून उठताना ऐकले असेल आणि घोंगडी डोक्यावर ओढून घेतली असेल. त्यांचे म्हणणे लिहून घ्यायला रायपुरात कोणी वरसईचा भिक्षुक आलेला नव्हता. यज्ञ मथुरेकडे व्हायचा होता, आणि दक्षिणेच्या वाटा त्या दिशेने जात होत्या.